शनिवारचा चहा

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप घेऊन एक गृहस्थ घरी आले तेव्हा मी आधी त्यांना चहा दिला. ते चहा पीत होते तोवर ह्यांना आपल्याकडून नेमकं काय काढून घ्यायचंय, याचा अंदाज घेत बसलो. ते गेल्यावर बायको म्हणाली, "साधा लेख मागायला आलेला माणूस तो, आणि तुम्ही त्याच्या चपला कसल्या बघत होता?" तिचं बरोबर होतं. पण सबंध आयुष्य ज्या कामात गेलं, ते काम पेन्शन सुरू झाली म्हणून अंगातून जात नाही.

मी पोलीस खात्यात 'गोपनीय'ला होतो. बाहेरच्या माणसाला हे काम माहीत नसतं, म्हणून सांगतो. प्रत्येक ठाण्यात एक हवालदार असा असतो की त्याच्या अंगावर गणवेश नसतो आणि हातात काठी नसते. लग्न, मयत, जत्रा, सभा, चहाची टपरी, जिथं चार माणसं जमतात तिथं त्यानं पाचवं व्हायचं आणि गावात उद्या काय होणार आहे ते साहेबांना आज सांगायचं. तपास करणारा पोलीस झालेल्या गोष्टीमागं धावतो, आम्ही न झालेल्या गोष्टीमागं. त्यामुळे आमचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून शाबासकी कुणी देत नाही.

या कामात माझा स्वतःचा एक आडाखा होता. माणसं काय बोलतात ते ऐकायचं नाही, कोण कुणाच्या घरी चहा पितो ते बघायचं. आमच्या कृष्णाकाठाला साखर कारखान्याची निवडणूक लागली की सख्खे भाऊ एकमेकांच्या दारचं पाणी पीत नाहीत. पॅनेल बदललं म्हणून ठरलेली सोयरीक मोडलेली मी पाहिली आहे. एकदा कराडच्या एका लग्नात दोन विरोधी पॅनेलचे पुढारी पंगतीत शेजारी बसले आणि एकमेकांना जिलेबीचा आग्रह करू लागले. मी ताटावरून तसाच उठलो आणि साहेबांना फोन लावला की उद्या एकाचा अर्ज मागं येतोय. आला. भांडणारी माणसं गोड बोलायला लागली की काहीतरी शिजतंय, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

हाच आडाखा एकदा मला तोंडावर पाडून गेला. ती हकीकत सांगतो. गावाचं नाव सांगणार नाही. कराडहून कडेगावकडं जाताना उसाच्या पट्ट्यात एक गाव लागतं, एवढ्यावर भागवा.

त्या गावात ख्रिस्ती लोकांची पंधरा-वीस घरं आणि कडुनिंबाखाली एक लहानसं प्रार्थनामंदिर. ठाण्यात तक्रार आली होती ती मात्र त्यांच्यापैकी कुणाची नव्हे. पूर्वेच्या दुष्काळी भागातला सिदू नावाचा धनगर आला होता. त्याचा धाकटा भाऊ मायाप्पा मेंढरं घेऊन या पट्ट्यात यायचा. उसाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत होतं, आणि त्याबद्दल रानाचा मालक धनगराला धान्य देतो. मायाप्पाची मेंढरं बसायची ती प्रार्थनामंदिराला लागून असलेल्या रानात. गाणी ऐकत ऐकत हा आधी कुंपणाशी उभा राहिला, मग दारात, आणि आता दोन वर्षं आत बसत होता. बाप्तिस्मा घ्यायचा म्हणत होता.

"धान्याची लालूच दावून न्हेलाय माझा भाऊ," सिदू म्हणाला. मग आवाज उतरला त्याचा. "बिरुबाच्या जत्रंत ढोल त्योच वाजवतो सायेब. आमच्या बापाचा ढोल हाय. उद्या त्यो कुणी वाजवायचा?"

त्या दिवसांत धर्मांतराचा कायदा येणार, लालूच दाखवणाऱ्याला शिक्षा होणार आणि धर्म बदलायचा तर आधी कचेरीत अर्ज द्यावा लागणार, अशी चर्चा सगळीकडं चालली होती. निवडणुकीची हवाही तापलेली. साहेब मला म्हणाले, "आतला एक साक्षीदार काढ. त्यांच्यातलाच एक माणूस लालूच दाखवली म्हणाला, की आहे त्या कलमांत बसवून गुन्हा दाखल करतो." म्हणजे काय, तर तिथले तरुण धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, कोठडीत, प्रार्थनामंदिराला कुलूप, आणि मायाप्पाचं मन जिकडं ओढ घेतंय तिकडं बघायची पुन्हा त्याची हिंमत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला दिलेलं काम साक्षीदार काढायचं होतं.

आतला माणूस काढायची रीत सोपी आहे. भिंतीत फट कुठं आहे ती शोधायची आणि तिथं बोट घालायचं.

रविवारी मी विमा एजंट म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो. एक पांढऱ्या केसांच्या बाई वळून म्हणाल्या, "सलाम. पुढं या, तिथं पंख्याचं वारं लागत नाही." त्यांच्यात नमस्काराच्या जागी सलाम म्हणतात. त्या एस्तरबाई, मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी म्हटलं, इथंच बरा आहे.

उपासना संपल्यावर पंचांची बैठक तिथंच बसली, मायाप्पाच्या बाप्तिस्म्यावर. मला कुणी उठवलं नाही. मायाप्पा दाराशी उकिडवा बसून ऐकत होता. त्या बैठकीत मला जी फट हवी होती ती आपण होऊन समोर आली.

फौजेतून रिटायर झालेले शमुवेल सुभेदार उभे राहिले. मायाप्पाची मेंढरं ज्या रानात बसत, ते रान ह्यांचंच. म्हणाले, "मायाप्पा, दिवाळी झाली की तू मेंढरं घिऊन कोकनात उतरतोस. औंदा बी जा. तितं आमच्यातलं कुणी न्हाई, माझं रान न्हाई, माझं धान्य न्हाई. तितं बी तुजं मन ह्येच म्हनालं, तर पावसाळ्याच्या तोंडाला परत ये."

"म्हणजे देवाची परीक्षा, आणि केंद्र कोकणात," एस्तरबाई म्हणाल्या. "सुभेदार, मन त्याचं आहे. त्यानं कधी यायचं हे ठरवणारे तुम्ही कोण?"

"आवं बाई, कायदा यायलाय. उद्या कुणी इचारलं तर आपल्यापाशी जाब पायजे."

"तुमचा त्या कायद्याला पाठिंबा आहे, ते सांगा ना सरळ."

"हाय की. लालूच दावून आनलेला मानूस मला मंडळीत नगंच. चोरी न्हाई करत तर चौकीला भ्यायचं कशापायी?"

"आणि माणसानं कुणाला हात जोडावेत, याचा अर्ज कचेरीत द्यायचा? शाळेत मी पोरांना राज्यघटना काय नुसती पाठ करायला लावली?"

"अर्ज दिला म्हनून काय मन सरकारजमा हुतं व्हय?"

"सरकारजमा होत नाही. भ्यायला मात्र शिकतं."

पाळकसाहेब मध्ये बसून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होते. मला आतून उकळ्या फुटत होत्या. दोघांची मतं वेगळ्या पेट्यांत पडतात, हे बोलण्यातून उघड होतं. सुभेदार रागात आहेत, कायद्याच्या बाजूचे आहेत, धान्यही त्यांच्याच घरचं. साक्षीदार सापडला, असं मी धरून चाललो.

पण नीट खातरजमा केल्याशिवाय वर सांगायचं नाही, ही माझी शिस्त. म्हणून त्या आठवड्यात मी गावातच घोटाळत राहिलो. शनिवारी दिवेलागणीला बघतो तर सुभेदार कडक इस्त्रीचा सदरा घालून एस्तरबाईंच्या घरात शिरले. आतून कपबशांचा आवाज. तासाभरानं बाहेर पडले, आणि बाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला आल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की दर महिन्याला हे असंच चालतं. कधी ते ह्यांच्याकडं जातात, कधी ह्या त्यांच्याकडं.

मला कराडची जिलेबी आठवली. चारचौघांत कडाकडा भांडायचं आणि शनिवारी दार लोटून चहा प्यायचा. म्हणजे बैठकीतलं भांडण माझ्यासारख्यासाठी रचलेलं होतं. साहेबांना मी सांगितलं, "वरवर वाद आहे, आतून संगनमत आहे. दोघांनाही बोलवा."

साहेबांनी बोलावलं. बंदोबस्ताच्या गडबडीत तीन आठवडे गेले, पण बोलावलं.

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. पुढची रीतही जुनीच आहे. याला जाऊन सांगायचं की तो तुझ्याविषयी असं म्हणाला, आणि त्याला जाऊन सांगायचं की हा तसं म्हणाला. संगनमत कितीही घट्ट असलं तरी त्याला इथं तडा जातो. मी आधी बाईंकडं गेलो.

"बाई, सुभेदार म्हणतात, मायाप्पाला तुम्ही भरीस घातलं."

"सुभेदार असं म्हणणार नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं तुम्हाला नीट कळलेलं नाही, मी सांगते. त्यांना वाटतं, ज्याला खायला मिळतंय त्याची श्रद्धा त्यालाच खरी आहे की नाही हे कळत नाही. म्हणून धान्य बाजूला काढून मायाप्पानं स्वतःला तपासावं. त्यांना मायाप्पाला अडवायचं नाहीये, त्याच्यावर उद्या कुणी बोट ठेवू नये म्हणून जपायचंय. मला ते पटत नाही. पण त्यात वाईट काही नाही."

शत्रूची बाजू इतकी चांगली मांडणारा साक्षीदार मला त्याआधी भेटला नव्हता. मी म्हटलं, "मग तुमचं म्हणणं काय?"

"ते सुभेदारांना विचारा. ते बरोबर सांगतील."

मला वाटलं, बाई टिंगल करताहेत. शेवटचा बाण म्हणून मी विचारलं, "सुभेदारांनी मागच्या निवडणुकीत मत कुणाला दिलं, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे की. त्यावरून शनिवारी आमचं भांडण होतं. पण ते त्यांनी मला सांगितलंय, तुम्हाला नाही."

तिथून मी सुभेदारांच्या खोलीत गेलो तो थोडा चिडूनच. खोटं जरा जाड घातलं. म्हटलं, "सुभेदार, बाई सांगताहेत की धान्य देऊन मायाप्पाला तुम्हीच आणलंत, आणि आता अंगाशी येतंय म्हटल्यावर त्याला कोकणात पाठवून हात झटकताय."

सुभेदारांचा चेहरा उतरला. त्यांनी पाणी मागितलं. पेला हातात धरून ते बराच वेळ खिडकीकडं बघत राहिले, आणि मला वाटलं, आता फुटले. मग ते म्हणाले, "बाईंना असं वाटलं असतं तर माझ्या तोंडावर म्हनाल्या असत्या. मागनं बोलायची सवं न्हाई त्यांला."

"मग त्यांचं म्हणणं तरी काय आहे?"

"त्यांचं म्हननं सरळ हाय. मानूस देवाकडं निगाला तर वाटंत कुनी बी आडवं हुबं ऱ्हाऊ नये. सरकारनं न्हाई, भावानं न्हाई, आन मी बी न्हाई. थांब म्हननं ही बी एक जबरदस्तीच हाय, असं म्हनत्यात त्या." पाणी पिऊन ते पुढं म्हणाले, "मला पटत न्हाई. पर रात्री झोपताना डोस्क्यात येतं खरं."

जबाब म्हणून लिहून घेण्यासारखं माझ्या हाती काहीच लागलं नाही. दोघं बाहेर पडले आणि बसथांब्यावर एकाच बाकड्यावर बसले. तिथंही काहीतरी वाद चाललेला मला खिडकीतून दिसत होता.

राहिला मायाप्पा. भावाला विचारून झालं, पंचांना विचारून झालं, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी रानात गेलो. मेंढरं बसलेली, हा घोंगडीवर बसून कोकराच्या पायातला काटा काढत होता.

"मायाप्पा, तुला कुणी काही दिलं का?"

"दिलं की," तो मान वर न करता म्हणाला. मी सावध झालो. "सुबेदारानं मला थांब म्हनून सांगितलं. जल्मात पैल्यांदा कुनी मला इचार कर म्हनालं बगा. न्हायतर सगळी ऊठ म्हनत्यात, न्हाईतर बस."

"आणि बाई?"

"बाईनं सांगितलं, थांबायचं का न्हाई त्ये बी तूच ठरीव." त्यानं काटा काढून मला दाखवला. "दोगं माज्यासाटी भांडत्यात. माज्यावर न्हाई भांडत."

"मग तू काय ठरवलंयस?"

"जातो की कोकनात. मेंढरास्नी तर न्ह्यायलाच लागतंय."

त्यानंतरच्या शनिवारी दिवे लागायच्या सुमाराला माझ्या घराची कडी वाजली. मी कराडात राहत होतो आणि माझा पत्ता त्या गावात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. दार उघडलं तर सुभेदार. इस्त्रीचा सदरा तोच.

"सलाम. च्या मिळंल का?"

मी त्यांना आत घेतलं. बायको चहा ठेवायला गेली. मी त्यांच्या हाताकडं बघितलं, पिशवी वगैरे काही नव्हती. रस्त्यावर बघितलं, सोबत कुणी नव्हतं. म्हटलं, बोला, काय काम काढलंत.

"काम न्हाई. पत्ता ठान्याम्होरल्या टपरीवर इचारला. आमच्यात एक चाल हाय," ते म्हणाले. "म्हैन्याच्या पैल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आन द्राक्षरस. मनात कुनाबद्दल काय वंगाळ असलं तर आदल्या दिशी त्याच्या दारात जायाचं. त्ये मिटल्याबिगर भाकरीला हात लावायचा न्हाई. बाईंच्यात आन माज्यात राजकारनावरनं बोलाबोली हुती, म्हनून शनवारचा च्या. मतं तीच ऱ्हात्यात, नुसता कडूपना धुऊन काडायचा."

म्हणजे मी ज्याला संगनमत म्हणत होतो ते हे होतं. मला क्षणभर पटलंही. आणि लगेच मनात आलं, मग हा माणूस माझ्याकडं का आलाय?

"तुमी खोटं बोलला, त्याचा राग न्हाई," सुभेदार म्हणाले. "ती तुमची ड्यूटी. आमी बी फौजेत काय काय केलंय. पर तुमी बाईंचं जे सांगितलं, त्ये मला घोटभर पान्याइतका वकुत खरं वाटलं. त्या बाईंविषयी. त्ये मी बाईंना जाऊन सांगितलं, त्या हसल्या. पर तुमचा राग काय जाईना. त्यो घिऊन उद्या भाकर कशी खाऊ? म्हनून आलो."

एखाद्या माणसानं माझ्याबद्दलचा राग काढून टाकायला बसचं तिकीट काढून यावं, असं माझ्या आयुष्यात आधी घडलं नव्हतं, नंतरही नाही. मला फार लाज वाटली. ती लपवायला मी विचारलं, "मी विमा एजंट नाही, हे कधी कळलं?"

"पैल्याच रविवारी. प्रार्थनंला सगळ्यांचं डोळं मिटल्यालं, तुमचं उगडं."

"तुमचे मिटले होते ना? मग तुम्हाला कसं दिसलं?"

"माजं बी उगडंच हुतं," सुभेदार म्हणाले. "फौजंची सवं."

आम्ही दोघंही हसलो. चहा झाला. ते उठले, पुन्हा सलाम म्हणाले आणि शेवटच्या बसनं गेले. जबाबाचं बोलले नाहीत, तक्रारीचं काय झालं विचारलं नाही, पाळकसाहेबांचं नावसुद्धा काढलं नाही. दार लावून घेतल्यावर मी कपाखाली, खुर्चीखाली बघितलं, काही ठेवून तर नाही गेले. बायकोनं मला तसं बघताना पाहिलं आणि कपबशा उचलून आत नेल्या.

सोमवारी साहेबांना सांगितलं, "साक्षीदार नाही. कारण गुन्हाच नाही."

साहेबांनी माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं पाहिलं. ती नजर मी ओळखतो, कारण ती माझीच आहे. "त्यांच्याकडं चहा प्यायलास का रे?"

"नाही साहेब. ते माझ्याकडं प्यायले."

झालं. पुढच्या रविवारी माझ्या जागी दुसऱ्या ठाण्याचा एक गोपनीय तिथं पाठवला गेला. मागाहून त्यानंच मला सांगितलं, तो मागच्या बाकावर बसला तेव्हा एक बाई वळून म्हणाल्या, पुढं या, तिथं पंख्याचं वारं लागत नाही. त्यालाही काही मिळालं नाही. निवडणूक उरकली, साहेबांची बदली झाली आणि तक्रार आपोआप थंड पडली. सिदू एकदा येऊन विचारून गेला. मी त्याला म्हटलं, तुझ्या भावाला कुणी विकत घेतलेलं नाही, एवढं मी छातीठोक सांगतो. बाकीचं त्याचं त्याला ठरवू दे. त्याचं समाधान झालं नाही. व्हायचं कारणही नव्हतं, ढोलाचा प्रश्न तसाच होता.

पुढच्याच उन्हाळ्यात मी रिटायर झालो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर कडेगावच्या रस्त्याला मेंढरांचा कळप आडवा आला. मी गाडी बंद करून थांबलो. कळपामागं मायाप्पा. घोड्यावर बिऱ्हाड, कुत्री, बायको-पोरं. कोकणातून वर येत होता. त्यानं मला ओळखलं आणि मेंढरं पुढं जाऊ देऊन तो माझ्यापाशी उभा राहिला.

पुढच्या फाट्याला रस्ता फुटतो. एक वाट निंबाखालच्या प्रार्थनामंदिराकडं, एक पूर्वेला त्याच्या गावाकडं, बिरोबाकडं. तो काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडं बघत होता. मी विचारेन याची वाट बघत होता हे स्पष्ट होतं. माझ्या जिभेवर प्रश्न आलेलाच होता. आयुष्यभर लोकांच्या मनात काय आहे ते काढून दुसऱ्याला सांगण्याचा पगार मी खाल्लेला, आणि आता तर पगाराचाही संबंध नव्हता, नुसती उत्सुकता होती.

"कोकणात गवत कसं होतं औंदा?" मी म्हटलं.

त्यानं काठी खांद्यावर घेतली. मग हसला. "लय चांगलं हुतं."

"कोकरं?"

"समदी जगली."

"बरं झालं," म्हटलं आणि गाडी सुरू केली. फाट्यावर तो कुठं वळतो ते आरशात दिसलं असतं. मी आरसा वर सरकवला.

घरी येऊन बायकोला सांगितलं, मायाप्पा भेटला होता. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग? काय ठरवलं त्यानं?"

"विचारलं नाही."

तिनं भाजी बाजूला ठेवून माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्ही? आणि न विचारता आलात?"

"हो."

तिचा अजूनही विश्वास नाही. मधूनच, जेवायला वाढताना वगैरे, ती सहज विचारल्यासारखं करून तो प्रश्न पुन्हा विचारते आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत राहते.